तंबूतला दुखवटा

पूर्णिमा मगदूमनं तंबूची शेवटची खुंटी ठोकली तेव्हा पाऊस थांबला होता. चंदगडात पाऊस थांबतो तो फक्त दम खायला, हे आकारामनं तिला फोनवरच सांगून ठेवलं होतं. डोंगरउतारावरची ही काजूची बाग त्याची. शहरातल्या हौशी लोकांना तो तिथं तंबू ठोकायला जागा द्यायचा. पण ते लोक यायचे थंडीत, घोळक्यानं, गिटार घेऊन. भर आषाढात, एकटी बाई, तीन दिवस, हे ऐकल्यावर त्यानं विचारलं होतं, "ताई, म्हयना चुकला न्हाय न्हवं?"

महिना चुकला नव्हता. पूर्णिमाला पाऊसच हवा होता, कारण पावसात कुणी येत नाही.

तिचे वडील जाऊन दोन महिने झाले होते. नाव बापूसो, सगळे अण्णा म्हणत. कोल्हापुरात घरातलं माणूस गेलं की दाराला कडी लावायची सोय राहत नाही. पाहुणे आले, गल्ली आली, अण्णांनी ज्यांना आयुष्यभर फैलावर घेतलं तेही आले. सतरंजीवर टेकून सगळे त्याच दोन गोष्टी सांगून गेले. अण्णा म्हणजे देवमाणूस, आणि अण्णा कधी कुणाला लागेल असं बोलले नाहीत. आता अण्णा होते वजनमापे निरीक्षक. लोकांना लागेल असं बोलणं हीच त्यांची नोकरी होती, आणि निवृत्तीनंतर तर तो छंदच झाला होता. पण दुखवट्याला आलेल्या माणसाला खोटं पाडायचं कसं? पूर्णिमा मान डोलवायची, पाण्याचा पेला पुढं करायची.

एका सकाळी चहा करताना तिनं सवयीनं मनातल्या मनात विचारलं, अण्णा, साखर किती घालू? आणि अण्णा मनातल्या मनात म्हणाले, 'बाळ, तुझ्या हातचा बिनसाखरेचाही गोडच.'

चमचा हातात धरून ती उभीच राहिली. हा माणूस कोण? अण्णा जन्मात असं बोलले नव्हते. मग काय बोलायचे? तिनं पुष्कळ डोकं ताणलं, पण जे काही आठवे ते सतरंजीवरच्या लोकांच्या आवाजात. माणूस गेला ते गेलाच, आता उरलासुरलाही लोक घेऊन चालले होते. दुसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि तंबू मागवला. जिथं अण्णांबद्दल कुणी अक्षर बोलणार नाही अशा जागी जाऊन बसायचं, म्हणजे खरे अण्णा आपोआप वर येतील, असा तिचा हिशेब होता.

"धड न गळणारं घर सोडून भिजायला निघालीस?" आई म्हणाली. पण अडवलं नाही.

पूर्णिमा महाविद्यालयात ग्रंथपाल. कुठलंही काम करायचं तर आधी त्याच्यावरचं मिळेल तेवढं वाचायचं ही तिची रीत. पावसात तंबूत कसं राहावं यावर तिनं इतकं वाचलं होतं की त्या विषयावर तिला व्याख्यान देता आलं असतं. तंबूच्या भोवती चर खणावा, त्याचं तोंड उताराकडं काढावं. कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून त्याला मरेपर्यंत हात लावू नये. कापडाला आतून बोट लावू नये, तिथूनच पाणी झिरपतं. हे सगळं तिनं केलं. पाहुणे आले तर काय करावं, हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी आकाराम खताच्या पोत्याची खोळ पांघरून चहाची किटली घेऊन आला. बाहेरच उकिडवा बसला.

"मगदूम म्हंजे कुठलं मगदूम?"

"कोल्हापूरचे."

"कोल्हापूरचं कोन नसतंय वो. मूळ गाव?"

तिनं गाव सांगितलं.

"मग गडहिंग्लजचं भूपालशेठ, भुसारवालं, तुमचं कोन?"

"माझ्या चुलत आत्याचे यजमान."

"सुरेखावैनीचं मालक. म्हंजे घरातलंच की. त्येंच्याकडनंच न्हेतो की मी पेंड. आन् वडील काय करत्यात?"

"ते आता नाहीत. दोन महिने झाले."

आकारामनं डोक्यावरची खोळ काढली. पाऊस त्याच्या डोक्यावर पडत राहिला. थोडा वेळ तसाच बसून तो काही न बोलता उठला आणि उतरून गेला. त्याचा हा संकोच पूर्णिमाला फार आवडला. इथं माणसांना कळतं, असं तिला वाटलं.

दुसरा दिवस दुपारपर्यंत तिच्या मनासारखा गेला. पाऊस तंबूवर एकसारखा वाजत होता, चर नीट वाहत होता, छोट्या गॅसवर भात शिजत होता. तिनं दोन-तीनदा अण्णांना हाक मारून पाहिली. एकदा ते म्हणाले, 'सुखात राहा.' एकदा म्हणाले, 'मी कुठंही गेलेलो नाही.' तिनं त्यांना गप्प बसवलं. अजून दीड दिवस हातात होता.

मग खालच्या बाजूनं आवाज आले. चिखलातून ओळीनं माणसं वर येत होती. पुढं आकाराम, त्याच्या डोक्यावर एकावर एक घातलेल्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या. मागं वाडीतले दोघंजण ताडपत्री धरून. त्यांच्या मागं छत्रीत सुरेखाआत्या, एक हात गुडघ्यावर. आत्याच्या मागं तिचे यजमान भूपालमामा, दोन्ही हातांत डबे. सगळ्यांच्या शेवटी पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे गृहस्थ, एकेक पाऊल तोलून टाकत.

तंबूच्या तोंडाशी आल्यावर सुरेखाआत्यानं छत्री मिटली, खाली वाकून आत डोकं घातलं आणि पूर्णिमाच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडायला सुरुवात केली. रडता रडता ती पूर्ण आत आली.

"माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं गं. यायला जमलं न्हाय. दोन महिने घास गिळत नव्हता मला. आकारामचा फोन आला, म्हटलं पोरगी इतक्या जवळ येऊन बसलीय आणि आपण भेटायचं न्हाय म्हणजे काय? लोक तोंडात शेण घालतील की."

"आत्या, कापडाला हात नको लावू."

"न्हाय लावत," म्हणून आत्या कापडाला टेकून बसली. तिथून पाणी झिरपू लागलं.

तंबू दोन माणसांचा होता. पुठ्ठ्याच्या खोक्यावर तसं छापलंच होतं. आत्यामागून भूपालमामा आले, मग टोपीवाले गृहस्थ, मग आकाराम. ताडपत्री बांधून झाल्यावर ते दोघंही आले, कारण दुखवट्याला येऊन बाहेर थांबणं बरं दिसत नाही. सगळ्यांची धडं आत आणि पाय बाहेर अशी व्यवस्था लागली. खुर्च्या बाहेर पावसात रिकाम्याच राहिल्या.

"फोटो कुठं हाय?" आत्यानं विचारलं.

"फोटो कशाला आणेन मी इथं?"

"फोटो न्हाय?" आकाराम हळहळला. "मग नमस्कार कुणाला करायचा?"

फोटो मोबाइलमध्ये होता. सेवानिवृत्तीच्या समारंभातला, शाल, श्रीफळ, केस चापून बसवलेले. मोबाइल गॅसला टेकवून उभा केला. आत्यानं चिमूटभर हळदीकुंकू वाहिलं. आकारामनं येतानाच बांधावरची रानफुलं आणली होती, ती वाहिली. सगळ्यांनी हात जोडले, आणि पडदा काळा झाला.

"गेले," त्या दोघांतला एकजण म्हणाला.

"बॅटरी वाचवायला जातो तो," पूर्णिमानं सांगितलं. "बोट लावलं की परत येतो."

"मग लावा की कुणीतरी. असं काळ्या डब्याम्होरं बसायचं व्हय?"

ते काम भूपालमामांकडं आलं. मामा मुळात अबोल. अर्ध्या मिनिटानं एकदा ते वाकायचे, तर्जनी पुढं करायचे, आणि अण्णा शाल पांघरून पुन्हा हजर व्हायचे.

टोपीवाले गृहस्थ म्हणजे गणपतराव गुरुजी. आसपासच्या पाच-सहा वाड्यांत कुणीही गेलं तरी दोन शब्द तेच बोलायचे. अण्णांचं त्यांनी नावही आजच ऐकलं होतं, पण त्यामुळं अडण्यासारखं काही नव्हतं. उभं राहायला जागा नसल्यानं ते बसूनच बोलले.

"कैलासवासी... आपलं ते, बापूसो मगदूम यांच्या जाण्यानं चंदगड तालुक्याची कधीही भरून न निघणारी हानी झालेली आहे. मृदू वाणी. निगर्वी स्वभाव. त्यांच्या तोंडून कधी कुणाला अधिकउणा शब्द गेला नाही."

"देवमाणूस," आकाराम म्हणाला.

"देवमाणूस," ते दोघं म्हणाले.

मामांनी बोट लावलं. पूर्णिमानं मान डोलवली. आपण मान डोलवतोय हे तिला मागाहून कळलं. साडेतीन तासांचा प्रवास करून, भर पावसात, चर खणून ती पुन्हा त्याच सतरंजीवर येऊन बसली होती.

त्या दोघांतल्या एकाला घरी म्हशी होत्या. दुखवट्याच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं, गुपचूप उठून जायचं असतं. तो बिचारा रिवाजाप्रमाणं गुपचूप उठला, पण पाणी येतं म्हणून आत्यानं तंबूची चेन सगळ्यांच्या पायांपर्यंत लावून घेतली होती. ती चेन अर्ध्यात अडकली. आधी तो हळूच ओढत राहिला, मग जोरात ओढू लागला. गुरुजी मृदू वाणीवर दुसऱ्यांदा आले तरी चेन किरकिरतच होती. शेवटी तो चेनच्या खालच्या फटीतून पोटावर सरपटत बाहेर पडला. कुणी त्याच्याकडं पाहिलं नाही. पाहायचं नसतं.

"दिवस मावळायच्या आत खाऊन घे बाई," आत्यानं डबा उघडला. "भाकरी हाय, मटकीची उसळ हाय. कांदा-लसूण न्हाय घातलेला. मावळला का हो?"

जैन घराच्या रीतीप्रमाणं दिवस मावळल्यावर जेवायचं नसतं, म्हणून भूपालमामांनी छताकडं पाहिलं. छत राखाडी होतं. सकाळपासून तसंच होतं.

"घड्याळ मोबाइलात हाय आणि मोबाइलात बापूसो हाय," मामा म्हणाले. त्या दुपारचं त्यांचं ते पहिलंच वाक्य. बोलण्याच्या नादात त्यांचा हात उसळीला लागला होता, तसाच ओलसर, त्यांनी पडद्याला लावला आणि बोट जरा सरकलं.

शाल गेली. दुसरा फोटो आला.

हा पूर्णिमानंच काढलेला, गेल्या दिवाळीतला. स्वयंपाकघराच्या ओट्याशी अण्णा, अंगात बनियन, एका हातात दुधाचं माप, दुसऱ्या हाताचं बोट कॅमेऱ्याबाहेरच्या दूधवाल्याकडं रोखलेलं. तोंड एवढं उघडं की मागची दाढ दिसत होती.

गुरुजी पुढं वाकले. तंबूवर पाऊस वाजत होता.

"ह्यो बापूसो," सुरेखाआत्या हळूच म्हणाली. "मघाशी कोण होता काय माहीत."

"परत मागं घेतो," मामा घाईनं म्हणाले.

"राहू दे," पूर्णिमा म्हणाली.

आत्यानं पदरानं नाक पुसलं. तिचा आवाज बदलला होता. "पोरी, तुला सांगू? माझं लग्न ह्यानं मोडलं. पहिलं. सांगलीचं स्थळ. किराणा दुकान, दुमजली घर, पोरगा गोरापान. सगळं ठरलं. सुपारी फुटायची बाकी. ह्याला म्हटलं, तू मोठा भाऊ, तू बघून ये. हा गेला आणि पोरगा बघायचा सोडून दुकानातला तराजू बघत बसला. किलोला पन्नास ग्रॅमची खोट. भर बैठकीत व्याह्याला म्हणाला, 'बहीण मोजून घेणार का तुमच्या तराजूत?' उठलीच की माणसं."

"बरं झालं की," भूपालमामा म्हणाले.

"तुमचं बरं झालं. माझं विचारलं व्हय कुणी?"

"आमच्या दुकानात पण आलता तो," मामा पूर्णिमाला म्हणाले. "साखरपुड्यादिवशी. नवरदेवाला गोणी वजनाला लावायला लावली. सगळं बरोबर निघालं तर म्हणतो, 'हा माणूस हुशार वाटत न्हाय, पण चालंल.'"

पूर्णिमाच्या घशातून काहीतरी निसटलं. हसू होतं. दुखवट्यात हसायचं नसतं म्हणून तिनं भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला.

आकारामचं मात्र इकडं लक्ष नव्हतं. मोबाइल उचलून डोळ्यांजवळ धरून तो बघत होता.

"ह्यो मापवाला सायब," तो शेवटी म्हणाला. "ह्यो हितं बाजारात यायचा. जीपगाडी, काळी ब्याग."

"हो. हा सगळा भाग त्यांच्याकडंच होता."

"माझं माप धरलंवतं ह्येनं. दुधाचं, लिटरचं. भर बाजारात, धा गावच्या लोकाम्होरं. 'तळ वर आलाय, गिऱ्हाईक खाली गेलंय,' म्हणला. दंड केला. मी चार म्हयने बाजारात त्वांड दावलं न्हाय. वीस वरसं झाली, लोक मला तळवाला म्हनत्यात अजून."

उरलेल्या गावकऱ्यानं मान खाली घातली. म्हणत असणार.

"आन् मी मघापास्नं देवमाणूस म्हनालोय," आकाराम म्हणाला. "फुलं वायली. ताई, तुमच्याबद्दल काय न्हाय, पर माझं दुख्ख मी परत घेतो."

"असं घेता येत नाही," गणपतराव गुरुजी म्हणाले.

"का न्हाय? माप बरोबर हुतं माझं."

"अण्णांनी धरलं म्हणजे कमीच असणार," पूर्णिमा म्हणाली.

"तुमी बघितलं हुतं?"

"तुम्ही मोजलं होतं?"

आकारामनं तिच्याकडं पाहिलं. "हाय अजून ते माप. घरात बायको त्येनं तुळशीला पानी घालत्या. आनू?"

"आणा."

तो फटीतून सरपटत बाहेर गेला. पूर्णिमानं पिशवीतून पाण्याची बाटली काढली. लिटरची, कडेनं मिलिलिटरच्या रेघा छापलेली. तंबूत राहणाऱ्यांसाठीच्या पुस्तकात ती घ्यायला सांगितली होती, कशासाठी ते आता कळत होतं. आकाराम आला तेव्हा बाकीचे सगळे बाहेर ताडपत्रीखाली खुर्च्या मांडून बसले होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आत्याला बाहेर काढताना तंबूचा मागचा खांब सुटला होता, त्यामुळं तसंही आत जाण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

माप ॲल्युमिनियमचं, कडेला चेमटलेलं. ताडपत्रीच्या कडेवरून पाण्याची धार पडत होती, तिच्याखाली धरल्याबरोबर ते भरलं. मामांनी बाटली धरली. आकारामनं ओतलं. बाटलीतलं पाणी रेघेच्या वर गेलं.

"बगा," आकाराम म्हणाला. "जास्तच हाय. गिऱ्हाईकाला मी वरनं घालत हुतो."

"पाऊस पडतोय बाटलीत," पूर्णिमा म्हणाली. "मामा, आत सरका. धारेखाली कुणी मोजतं का? आणि ते तिरकं धरलंय."

"सरळ हाय की."

"सरळ असतं तर पाणी एकीकडं चढलं असतं का? दगडावर ठेवा. तो नाही, तो सपाट. डोळा रेघेला आणा, वरून काय विहिरीत बघितल्यागत बघताय?"

भूपालमामांनी बाटली सपाट दगडावर ठेवली आणि सुरेखाआत्याकडं पाहिलं. मघाशी फोटोतल्या बापूसोकडं बघावं तशी आत्या पूर्णिमाकडं बघत होती.

पूर्णिमाच्या ते लक्षात आलं नाही. ती चिखलात गुडघे टेकून बसली होती. माप तिनं आपल्याच ओढणीनं पुसलं, भरलं, कडेचा थेंबही सांडू न देता ओतलं, आणि डोळा रेघेला लावला. पाणी रेघेवर होतं. वर नाही, खाली नाही. तिनं बाटली फिरवून दुसऱ्या बाजूनं पाहिलं. बरोबर रेघेवर.

सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "लिटरच आहे. अण्णा चुकले."

दोन महिन्यांत हे वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. तिला ते चवीला फार चांगलं लागलं. "अण्णा चुकले," ती पुन्हा म्हणाली, "आणि चूक कबूल करायची नाही म्हणून दंडही केला असणार. तसलेच होते. कधी म्हणजे कधी माघार घ्यायचे नाहीत. सायंकाळच्या बातम्यांशी सुद्धा भांडायचे."

आकाराम खुर्चीत चुळबुळला. वीस वर्षांनी न्याय असा अचानक पदरात पडल्यावर तो ठेवायचा कुठं हे त्याला कळेना.

"न्हाय, तसं एकदम चुकलं म्हनू नगा," तो म्हणाला. "तवा तळाला वाईच पोचा हुता. मी मागनं ठोकून काढला."

"किती पोचा?"

"वाईच."

"तळ वर आलेला?"

"आलावता म्हंजे... वाईच."

"आकारामभाऊ," पूर्णिमा उठून उभी राहिली. तिच्या दोन्ही गुडघ्यांवर चिखल होता. "हे खरं सांगताय, की दुखवट्याला आलाय म्हणून सांगताय?"

आकारामनं माप उचलून त्याचा तळ चाचपला. पाऊस वाढला होता. मागं तंबू हळूहळू जमिनीवर टेकत होता.

"ताई," तो म्हणाला, "ते मला आता सांगता यायचं न्हाय."

"सांगता यायचं नाही म्हणजे? माप तुमचं, तळ तुमचा, हातोडा तुमचा, आणि सांगायला काय मी येऊ? वीस वर्षं गावभर सांगत फिरलात ना, सायबानं अन्याय केला म्हणून? इकडं बघा. माझ्याकडं बघा. किती पोचा होता? बोट दाखवा. ते बोट नाही, करंगळी. पेरानं मोजून दाखवा."

तिचा आवाज खालच्या वाडीपर्यंत गेला असावा, कारण दोन-तीन दारांत माणसं येऊन उभी राहिली. सुरेखाआत्यानं डोळ्याला पदर लावला आणि मग खुर्ची ओढून पुढं घेतली, नीट ऐकू यावं म्हणून. गुरुजींनी टोपी काढून पिळली. बोटाचं पेर पुढं करून आकाराम म्हणाला, एवढा. पूर्णिमा म्हणाली, मघाशी वाईच होता, आता एवढा कसा झाला? आणि दिसेनासं होईपर्यंत ती त्याच्याशी भांडत राहिली.